पॅनेलच्या जाळीतून हवेबरोबर काय जाते

कारखान्यात एक तक्रार ठरलेली असते. शिफ्ट इन्चार्ज किंवा सिक्युरिटीचा माणूस कंट्रोल पॅनेलसमोर उभा राहून वॉकीटॉकीचे बटण दाबतो आणि आत पीएलसीवर तापमानाचा आकडा उडी मारतो. कधी ड्राइव्हच ट्रिप होतो. दाराला कुलूप, पत्रा चांगला १.६ मिलिमीटरचा, मग हे आत शिरले कुठून? संशय लूव्हरवर जातो आणि पुष्कळदा तो खराही ठरतो. मग मेन्टेनन्सवाले लूव्हरवर आतून सरळ पत्रा मारतात. वॉकीटॉकीचा त्रास थांबतो. मे महिन्यात ड्राइव्ह ओव्हरटेम्परेचर दाखवू लागतो आणि तोच पत्रा घाईघाईने काढला जातो.

पॅनेल बनवणाऱ्यांना, विकत घेणाऱ्यांना आणि सांभाळणाऱ्यांना या दोन टोकांच्या मधली वाट काढता येते. त्यासाठी महागडी जाळी आणायलाच हवी असेही नाही. हवेला क्षेत्रफळ लागते, लहरीला लांबी लागते. एवढा फरक पक्का ध्यानात ठेवला तर निम्मे काम फॅब्रिकेटरच्या पंच मशीनवरच उरकते. उरलेले निम्मे जाळीच्या कडेला असते आणि बहुतेक पॅनेल तिथेच नापास होतात.

किती अडवायचे आहे?

कॅटलॉगमध्ये १०० डेसिबलची जाळी दिसली की तीच मागवावीशी वाटते. आधी गरज मोजा. पाच वॅटचा वॉकीटॉकी एक मीटरवर ढोबळमानाने १५ व्होल्ट प्रति मीटरचे क्षेत्र तयार करतो, अर्ध्या मीटरवर ३० च्या आसपास. औद्योगिक उपकरणांसाठीचे आयईसी ६१०००-६-२ हे मानक ८० मेगाहर्ट्झ ते १ गिगाहर्ट्झ या पट्ट्यात १० व्होल्ट प्रति मीटर सोसण्याची चाचणी मागते. म्हणजे चाचणी रीतसर पास झालेले मॉड्यूलही हातभर अंतरावरच्या वॉकीटॉकीपुढे डगमगू शकते, आणि त्यात ते मॉड्यूल बनवणाऱ्याचा दोष नाही.

आता हिशोब करा. ३० चे १० करायला साधारण १० डेसिबल पुरतात. हातचे राखून २० धरा. २० डेसिबल म्हणजे क्षेत्र एक दशांशावर, ४० म्हणजे एक शतांशावर. नेहमीच्या कारखान्यातल्या नेहमीच्या पॅनेलला २० ते ३० डेसिबल मिळाले की बहुतेक तक्रारी मिटतात. एमआरआयची खोली, संरक्षण खात्याचे काम, रेडिओ दुर्बिणीचे रिसीव्हर ही प्रकरणे वेगळी. तिथे ८० ते १०० डेसिबल खरोखर लागतात आणि तो खर्च शोभतो. साखर कारखान्यातल्या फीड पंपाच्या पॅनेलला तो खर्च कशाला?

जाळीला हात लावण्याआधी

दोष जाळीचाच आहे याची खात्री करून घ्या. ड्राइव्हमुळे शेजारचा लोडसेल थरथरतो, अशी तक्रार असेल तर बहुधा जाळीचा काही संबंध नसतो. ड्राइव्हमधल्या आयजीबीटीला चालू-बंद व्हायला ५० ते १०० नॅनोसेकंद लागतात. त्यामुळे त्याच्या नॉइजचा मुख्य जोर काही मेगाहर्ट्झपर्यंतच असतो. पाच मेगाहर्ट्झला तरंगलांबी ६० मीटर. एवढी लांब लहर बोटभर लूव्हरमधून बाहेर पडण्याची खटपट करत नाही. तिला मोटारच्या केबलचा हमरस्ता मोकळा असतो. तिथे स्क्रीन असलेली केबल, ग्लँडपाशी स्क्रीनला चहूबाजूंनी धरणारा क्लॅम्प आणि इनपुटला फिल्टर, हे आधी बघा. स्क्रीनची शेपटी वळून अर्थ बसला लावण्याची आपल्याकडची सवय जाळीपेक्षा कितीतरी जास्त त्रास देते.

खात्री करण्याची एक सोपी पद्धत आहे. पॅनेलची सप्लाय बंद करून, लॉक आणि टॅग लावून, लूव्हरवर बाहेरच्या बाजूने तांब्याची चिकटपट्टी किंवा ॲल्युमिनियम फॉइल लावा. कडेचा रंग खरवडून फॉइल चारही बाजूंनी उघड्या पत्र्याला टेकले पाहिजे. पट्टीचा चिकट थर विद्युतवाहक प्रकारचा असेल तर उत्तम. आतून फॉइल कधीही लावू नका. सुटलेला तुकडा बसबारवर पडला तर पुढचे सांगायला नको. मग पॅनेल थोडाच वेळ, आतल्या तापमानावर नजर ठेवून चालू करा आणि वॉकीटॉकीची परीक्षा पुन्हा घ्या. परीक्षेसाठी हँडसेट प्लँटच्या परवान्यातलाच घ्या आणि प्रोसेस थांबलेली असू द्या. त्रास गेला तर दोष व्हेंटचा. तेवढाच राहिला तर दार, ग्लँड प्लेट किंवा केबल. अर्धवट कमी झाला तर दोन्ही, आणि प्रत्यक्षात बहुतेक वेळा असेच निघते.

दाराबद्दल इथेच सांगून टाकतो. दाराला हिरवी-पिवळी वायर लावलेली असते, म्हणून दार 'अर्थ' आहे असे आपण म्हणतो. माणसाला शॉक लागू नये म्हणून ती आवश्यक आहे. पण २० सेंटीमीटर वायरचा इंडक्टन्स साधारण २०० नॅनोहेन्री. १०० मेगाहर्ट्झला तिचा अडथळा सव्वाशे ओहम होतो. उच्च वारंवारतेला ती वायर जवळपास नसल्यासारखीच. तीच गोष्ट जाळीच्या फ्रेमला एका कोपऱ्यात लावलेल्या अर्थिंगच्या वेणीची.

लांबी का मोजायची

तरंगलांबी काढायला ३०० ला मेगाहर्ट्झने भागा, उत्तर मीटरमध्ये येते. ४५० मेगाहर्ट्झचा वॉकीटॉकी ६७ सेंटीमीटर, ९०० मेगाहर्ट्झचा मोबाइल ३३, २.४ गिगाहर्ट्झचे वायफाय साडेबारा, ३.५ गिगाहर्ट्झचे फाइव्ह-जी साडेआठ. पत्र्यातल्या फटीची लांबी तरंगलांबीच्या निम्मी झाली की ती फट अँटेनासारखी वागू लागते आणि त्या वारंवारतेला पत्रा असून नसल्यासारखा होतो. फटीची रुंदी जवळपास बिनमहत्त्वाची. म्हणून दाराच्या कडेची केसाएवढी पण फूटभर लांब फट शेकडो बारीक छिद्रांपेक्षा जास्त गळते. डोळ्याला हे पटत नाही, कारण डोळा उजेडाचा हिशोब करतो.

पाण्याच्या भीतीने आपल्याकडे लूव्हर आडवे, लांब आणि अरुंद पाडतात. पावसासाठी ती रचना योग्य, लहरीसाठी सर्वांत वाईट. १० सेंटीमीटर लांब आणि ६ मिलिमीटर उंच लूव्हर घ्या. एका फटीचा ढोबळ नियम असा: तरंगलांबीला फटीच्या दुप्पट लांबीने भागा, त्याचा लॉगॅरिदम घ्या आणि २० ने गुणा. ४५० मेगाहर्ट्झला उत्तर येते साडेदहा डेसिबल. शेजारीशेजारी असे दहा लूव्हर असले की सावध हिशोबाने आणखी दहा डेसिबल वजा. हाती जवळपास शून्य. कुलूपबंद पॅनेलमध्ये वॉकीटॉकी शिरतो तो असा.

आता एका लूव्हरएवढेच क्षेत्रफळ ५ मिलिमीटरच्या गोल छिद्रांत वाटा. ३१ छिद्रे होतात. एका छिद्राचे साडेछत्तीस डेसिबल. ३१ छिद्रांसाठी १५ वजा केले की उरले साडेएकवीस. त्यात पत्र्याच्या जाडीचा फायदा, ज्याबद्दल पुढे बोलू, साधारण १० डेसिबल. एकूण तिसाच्या वर. पत्रा तोच, हवेची वाट तेवढीच, खर्चात फरक पडलाच तर पंचिंगच्या वेळेचा. लांब फटीचे साडेदहा, गोल छिद्रांचे एकतीस.

छिद्रांच्या संख्येनुसार वजावट करण्याचा नियम मुद्दाम सावध ठेवलेला आहे. एकमेकांना लागून असलेली शेकडो छिद्रे प्रत्यक्षात त्यापेक्षा चांगली वागतात. छिद्रांची संख्या हजारावर गेली की या नियमाचा आकडा फारच निराशाजनक येतो. तेव्हा कागदावर भरवसा न ठेवता मोजून घेणे बरे.

हा विचार महाराष्ट्रात एका ठिकाणी फार मोठ्या प्रमाणावर उभा आहे. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची. त्या तबकड्या भरीव पत्र्याच्या नाहीत. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ताणलेल्या दोरांच्या सांगाड्यावर स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारेची जाळी बसवली. तिचे चौकोन १० ते २० मिलिमीटरचे, मध्याकडे बारीक आणि कडेला मोठे. मीटरभर लांबीच्या लहरींना ती जाळी भरीव आरशासारखी भासते. वाऱ्याला तिथे अडायला फारसे काही सापडत नाही, म्हणून सांगाडा हलका झाला आणि खर्च आवाक्यात आला. हवा जाऊ द्यायची आणि लहर परतवायची, आपल्यालाही नेमके हेच हवे आहे.

पण तुलना इथे थांबवायची. आरशाला ९९ टक्के शक्ती परतवली की तो उत्तम, उरलेल्या एक टक्क्याची दुर्बिणीला फारशी फिकीर नाही. शील्डचा सगळा हिशोब मात्र त्या एका टक्क्याचाच असतो, आणि एक टक्का शक्ती गळणे म्हणजे फक्त २० डेसिबल. बाजारातली विणलेली जाळी आणून लूव्हरमागे ठोकणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. शिवाय विणलेल्या जाळीत तारा एकमेकींवर नुसत्या टेकलेल्या असतात. वर्षभरात त्या सांध्यांत गंज आणि तेलकट धूळ बसते आणि आडव्या तारेचा उभ्या तारेशी संपर्क तुटतो. जाळी लावायचीच तर सांधे वेल्ड केलेली किंवा एकाच पत्र्यातून छिद्रे पाडलेली घ्या.

खोली कमावता येते

छिद्र लहान करत गेले की हवा अडते. तिथे दुसरा उपाय कामाला येतो, छिद्राला खोली द्यायची. धातूची अरुंद नळी म्हणजे वेव्हगाइड. तिच्या व्यासाने ठरवलेल्या मर्यादेखालची लहर तिच्यातून वाहत नाही, आत शिरते आणि विरत जाते. गोल नळीची ही मर्यादा काढायला १७५ ला मिलिमीटरमधल्या व्यासाने भागा, उत्तर गिगाहर्ट्झमध्ये. ५ मिलिमीटरला ३५ गिगाहर्ट्झ. आपल्या सगळ्या वारंवारता त्याच्या पुष्कळ खाली. तिथे नळीची लांबी व्यासाइतकी झाली की ३२ डेसिबल, तिप्पट झाली की ९६. मघाशी पत्र्याच्या जाडीचे १० डेसिबल जोडले ते इथूनच आले. १.६ मिलिमीटर जाडी ही ५ मिलिमीटर छिद्राच्या सुमारे एक तृतीयांश.

हनीकोंब म्हणजे अशाच हजारो नळ्यांचा गठ्ठा. नेहमीच्या वापरातले घर सुमारे ३.२ मिलिमीटरचे आणि खोली १२.७ मिलिमीटरची असते. भिंती कागदासारख्या पातळ असल्यामुळे ९५ टक्क्यांच्या आसपास जागा मोकळी राहते. ५ मिलिमीटरची छिद्रे ८ मिलिमीटर अंतराने तिरक्या ओळींत पाडली तर पत्र्यात मोकळी जागा जेमतेम ३५ टक्के. हनीकोंबचा खरा फायदा हाच. पैसे द्यायचे ते हवेसाठी, डेसिबल जवळपास फुकट येतात.

खरेदी करताना एक गोष्ट विचारायलाच हवी. ॲल्युमिनियमचे साधे हनीकोंब पातळ पट्ट्या गोंदाने चिकटवून, मग ताणून तयार करतात. गोंद वीज वाहून नेत नाही. त्यामुळे लहरीची दिशा एक असली तर जाळी छान अडवते, दिशा नव्वद अंशांनी फिरली की निम्म्यावर येते. उपाय दोन. एक, संपूर्ण गाभ्यावर टिन किंवा निकेलचे प्लेटिंग. दुसरा, दोन थर एकमेकांशी काटकोनात ठेवून केलेली जाळी. स्टीलच्या हनीकोंबमध्ये पट्ट्या वेल्ड किंवा ब्रेझ केलेल्या असतात, म्हणून हा प्रश्न येत नाही. ते जड आणि महाग, पण एमआरआयच्या खोल्यांसारख्या ठिकाणी तेच शोभते. विक्रेत्याने एकच आकडा सांगितला तर 'दोन्ही दिशांना का?' असे विचारा. उत्तर द्यायला तो किती वेळ घेतो त्यावरूनही बरेच कळते.

आणखी एक पथ्य. नळीतून धातूची तार, दांडी किंवा वायर कधीही आरपार नेऊ नका. मध्ये वाहक आला की नळीची ती मर्यादाच संपते आणि लहर तारेला धरून थेट आत येते. पंख्याची वायर जवळचा रस्ता म्हणून व्हेंटच्याच कोपऱ्यातून बाहेर काढलेली सर्रास दिसते. वीस हजारांची जाळी त्या दहा रुपयांच्या वायरने वाया जाते. पंखा शील्डच्या आत बसवा आणि जाळी त्याच्या बाहेर. वायर बाहेर नेणे टळतच नसेल तर पत्र्यातून जाणारा फिल्टर लावा. ऑप्टिकल फायबर मात्र नळीतून खुशाल जाऊ द्या, फक्त तिच्या आत बळकटीसाठी घातलेली स्टीलची तार नाही याची खात्री करा.

खरी गळती कडेला

इथे सर्वांत जास्त वेळ द्या. १०० डेसिबलची जाळी आणली, पावडर कोटिंग केलेल्या दारावर चार कोपऱ्यांत चार स्क्रू मारून बसवली आणि निकाल शून्य, हे चित्र नेहमीचे आहे. पावडर कोटिंग हे उत्तम इन्सुलेटर. चार स्क्रूंच्या मध्ये फ्रेम आणि दार यांच्यात चार लांब फटी राहतात, प्रत्येकी जाळीच्या बाजूएवढी. जाळी ३० सेंटीमीटरची असेल तर फटही जवळपास तेवढी. म्हणजे मूळ लूव्हरपेक्षा तिप्पट लांब फट आपण पैसे मोजून विकत घेतली.

कोटिंगला जाण्याआधीच ड्रॉइंगवर उघड्या पट्टीची जागा दाखवा. फ्रेमच्या चहूबाजूंनी १५ ते २० मिलिमीटर रुंद पट्टी, उष्णता सोसणाऱ्या मास्किंग टेपने झाकायची. नंतर ग्राइंडरने रंग काढू म्हटले की खाली उघडे सीआरसीए उरते आणि एका पावसाळ्यात ते तांबडे होते. पट्टीवर झिंक किंवा टिनसारखे वाहक लेपन हवे, नाहीतर पत्राच मुळात गॅल्व्हनाइज्ड घ्या. फ्रेम ॲल्युमिनियमची असेल तर अॅनोडायझिंग नको. ते दिसायला सुरेख असते, पण तो थर ऑक्साइडचा असतो आणि वीज अडवतो. वाहक क्रोमेट लेपन मागा.

स्क्रूंमधले अंतर किती? एक गिगाहर्ट्झपर्यंत नीट काम हवे असेल तर तरंगलांबीच्या विसाव्या भागाचा हिशोब १५ मिलिमीटरवर येतो. इतके स्क्रू कोणी मारत नाही, मारूही नयेत. म्हणून गॅस्केट. दोन पृष्ठभागांतले खाचखळगे ते भरून काढते आणि संपर्क सलग ठेवते. स्क्रू मग ५० मिलिमीटरपर्यंत दूर गेले तरी चालतात. फोमवर वाहक कापड गुंडाळलेले गॅस्केट स्वस्त आणि मऊ असते, त्याला पातळ पत्र्याचे दार वाकवण्याइतका दाब लागत नाही. तारेचे विणलेले गॅस्केट टिकाऊ, पण ते दाब मागते. बेरिलियम-कॉपरच्या बोटांच्या पट्ट्या वारंवार उघडणाऱ्या दाराला उत्तम, फक्त साफसफाई करणाऱ्याच्या फडक्यात त्या अडकून तुटतात. प्रत्येक गॅस्केटला किती दाबायचे ते त्याच्या माहितीपत्रकात दिलेले असते. जास्त दाबले की ते चपटे होते आणि पुन्हा उठत नाही. त्यामुळे फ्रेममध्ये ठरावीक उंचीचे आधार ठेवा आणि स्क्रू तिथेच थांबू द्या. दातेरी वॉशर लावा, पण सगळी भिस्त त्यावर ठेवू नका. तो फक्त स्क्रूच्या जागी रंग फोडतो, मधल्या फटीला त्याचा उपयोग नाही.

मिलिओहम मीटरने फ्रेम ते बॉडी मोजले आणि एक-दोन मिलिओहम आले म्हणजे काम झाले, असेही समजू नका. एक घट्ट स्क्रूसुद्धा तेवढे दाखवतो. फ्रेम बसवण्याआधी गॅस्केटवर कागदाच्या पातळ पट्ट्या ठेवून स्क्रू आवळा आणि पट्ट्या ओढून पाहा. सहज सुटणारी पट्टी जिथे मिळेल तिथे दाब पोचलेला नाही. पद्धत गावठी वाटेल, पण फटीचे नेमके ठिकाण दाखवते. मीटर ते दाखवत नाही.

कोकणपट्टीत, मुंबईत आणि गोव्यात यात खाऱ्या हवेची भर पडते. ॲल्युमिनियमची फ्रेम आणि मोनेल किंवा चांदीचा लेप असलेले गॅस्केट यांची जोडी ओलाव्यात बॅटरीसारखी वागते आणि त्यात झिजते ते ॲल्युमिनियम. एकमेकांना सोसणारे धातू निवडा. दोन्ही बाजूंना टिन हा सुरक्षित पर्याय. गॅस्केटच्या बाहेरच्या कडेला साध्या रबराची दुसरी पट्टी लावून पाणी बाहेरच ठेवले तर आयुष्य पुष्कळ वाढते.

उष्णतेचा हिशोब

मोकळी जागा किती हवी हे अंदाजाने ठरवू नका. नेहमीचे सूत्र असे: वॅटमधली उष्णता आणि एक गुणक यांच्या गुणाकाराला आत-बाहेरच्या तापमानातल्या चालणाऱ्या फरकाने भागा, तासाला किती घनमीटर हवा लागेल ते मिळते. समुद्रसपाटीला गुणक ३.१, नागपूरच्या उंचीला ३.३, पुण्याच्या उंचीला ३.४, कारण वर हवा विरळ.

२२ किलोवॅटचा ड्राइव्ह साधारण तीन टक्के उष्णता टाकतो असे धरा, म्हणजे ६६० वॅट. पुण्यात बाहेर ४० आणि आत ५० अंश चालणार असतील तर तासाला सुमारे २२५ घनमीटर. हवेचा वेग सेकंदाला दोन मीटर धरला तर निव्वळ मोकळी जागा ३१० चौरस सेंटीमीटरच्या आसपास लागते. हनीकोंबमध्ये ती १८ सेंटीमीटरच्या चौकोनात बसते. वर सांगितलेल्या छिद्रांच्या पत्र्यात ३० सेंटीमीटरचा चौकोन लागतो. हवा आत येण्याची आणि बाहेर जाण्याची अशा दोन जागा, दोन्हींना तितकाच चौकोन. दारावर जागा असेल तर छिद्रांचा पत्राच वापरा. नसेल तर हनीकोंबचे पैसे मोजा.

तोच ड्राइव्ह नागपुरात ४५ अंशांत ठेवला तर फरक पाचच अंशांचा उरतो आणि हवा सुमारे ४३५ घनमीटर लागते. चंद्रपूरच्या मे महिन्यात हा फरक आणखी आक्रसतो. तिथे जाळी मोठी करत बसण्यात अर्थ नाही. पॅनेल एसी किंवा हीट एक्स्चेंजर लावून कॅबिनेट बंद करा. हवेची भोकेच उरली नाहीत तर शील्डिंगचा प्रश्नही निम्म्याने सुटतो, आणि धुळीचाही.

धुळीबद्दल. हनीकोंब धूळ अडवत नाही, पण धुळीने तुंबते मात्र झटकन. जिनिंग मिलमधली कापसाची तूस, साखर कारखान्यातला बगॅस, कोल्हापूरच्या फाउंड्रीतली लोखंडाची पूड यांना तीन मिलिमीटरचे घर म्हणजे आयती गाळणी. जाळीच्या बाहेर, हाताने काढता येणारी फिल्टर मॅट हवीच. ती काढताना शील्डच्या फ्रेमचा एकही स्क्रू सुटता कामा नये, नाहीतर तिसऱ्या सफाईनंतर निम्मे स्क्रू हरवलेले असतात. मॅटमुळे पंख्यावर भार वाढतो, तेव्हा पंखा निवडताना माहितीपत्रकातला मोकळ्या हवेतला आकडा धरू नका, दाबाच्या आलेखावरून निवडा. मॅट तुंबल्याची सूचना म्हणून आत एक साधा थर्मोस्टॅट अलार्म पुरतो.

एका बाबतीत जाळीकडून काहीच अपेक्षा ठेवू नका, ती म्हणजे ५० हर्ट्झचे चुंबकीय क्षेत्र. ट्रान्सफॉर्मर किंवा जाड बसबारजवळ मीटर हलत असेल तर हनीकोंब काय आणि ॲल्युमिनियमचा पत्रा काय, दोन्ही निरुपयोगी. अंतर वाढवा, जाणारी-येणारी केबल एकत्र बांधा, अगदीच अडले तर जाड स्टील.

ऑर्डर देताना आणि ताब्यात घेताना

जाळीच्या पत्रकातला आकडा मोठ्या शील्ड केलेल्या भिंतीत ती बसवून काढलेला असतो. तो तुमच्या कॅबिनेटचा आकडा नव्हे. दोन मीटर उंच, ८० सेंटीमीटर रुंद आणि ६० खोल असे रिकामे लोखंडी कपाट २०० मेगाहर्ट्झच्या आसपास स्वतःच घुमू लागते. त्या वारंवारतेला थोडीशी गळतीसुद्धा आत मोठी होते. आत उपकरणे आणि वायरिंग भरले की हे बरेच मवाळते, पण नाहीसे होत नाही. म्हणून ऑर्डरमध्ये 'ईएमआय जाळी' एवढेच न लिहिता वारंवारतेचा पट्टा, त्यातले डेसिबल आणि मापन कॅबिनेटवर की नुसत्या जाळीवर, हे तिन्ही लिहा. रिकाम्या कॅबिनेटच्या चाचणीसाठी आयईसी ६१५८७-३ हे मानक आहे, त्याचा उल्लेख केला की विक्रेत्याशी बोलणे सोपे जाते. एकाच नमुन्याची बरीच पॅनेल बनवायची असतील तर पहिले पॅनेल 'समीर' किंवा एआरएआय या संस्थांच्या प्रयोगशाळेत मोजून घेणे परवडते. एखाद-दुसऱ्या पॅनेलला तेवढे नको, फॉइल आणि वॉकीटॉकीची परीक्षा पुरे. आधी फॉइलने बंद केलेले पॅनेल, मग जाळी बसवलेले. दोन्हींत फरक जाणवला नाही तर जाळीचे काम झाले.

त्यानंतर दरवर्षी पावसाळा संपला की एका जाळीची फ्रेम काढून उघडी पट्टी पाहा. पांढरी पूड दिसली तर पॉलिश पेपर हातात घेण्याआधी गॅस्केट कोणत्या धातूचे आहे ते तपासा. जोडी न बदलता नुसती पट्टी घासली तर पुढच्या वर्षी तीच पूड पुन्हा येते, आणि तोवर खालचे लेपनही गेलेले असते.